प्लास्टरमधली चौदा हाडं आणि नऊ महिने

पत्राचा सारांश: वय 29. भूशास्त्रात एम.एस्सी. विदर्भातल्या एका छोट्या संग्रहालयात तीन वर्षं कंत्राटी नोकरी. गोदामात जुन्या उत्खननांमधून आणलेली चौदा प्लास्टर जॅकेटं, म्हणजे भोवतालच्या खडकासकट गोणपाट आणि प्लास्टरमध्ये गुंडाळलेले जीवाश्म, पडून आहेत. बहुतेकांत डायनोसॉरची हाडं असावीत. विश्वस्तांनी आता बारा बाय पंधराची एक खोली आणि पाच लाख रुपये देऊन जीवाश्म-प्रयोगशाळा उभी करायला सांगितलं आहे. नऊ महिन्यांनी नव्या दालनाचं उद्घाटन आहे, तोवर ‘निदान तीन मोठी हाडं चकाचक’ हवी आहेत. संचालक म्हणतात, कंप्रेसर आणि हवेवर चालणारी यंत्रं लगेच मागवा. निवृत्तीला आलेले एक वरिष्ठ सहकारी म्हणतात, एवढा थाट कशाला, तारेचा ब्रश आणि सुपरग्लू पुरे, आम्ही तेच केलं. पत्र लिहिणाऱ्या ताईंनी स्वतः आजवर एकही हाड दगडातून सोडवलेलं नाही. संग्रहालयातला मदतनीस मात्र सोनाराच्या घरातला आहे. शिक्षण दहावी, पण हात त्यांच्यापेक्षा कितीतरी स्थिर. त्याला हाडाला हात लावू द्यावा का, याचा त्यांना संकोच वाटतो. त्या विचारतात, “आधी कोणतं यंत्र घेऊ? की नीट प्रशिक्षण मिळेपर्यंत सरळ नकार देऊ? माझ्या हातून काही तुटलं तर ते पुन्हा मिळणार नाही, या विचाराने रात्र रात्र झोप लागत नाही.”

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मला हायसं वाटलं. चौदा जॅकेटं आणि नऊ महिने हातात असताना ज्या माणसाला शांत झोप लागते, त्याच्या हाती ती जॅकेटं मी दिली नसती. तेव्हा ही काळजी घालवायच्या मागे लागू नका. तिला कामाला कसं लावायचं, तेवढं बोलू.

सुरुवात ‘चकाचक’ या शब्दापासून करावी लागेल. आपल्याकडे या कामाला सगळे ‘साफसफाई’ म्हणतात. हाड आहे, त्यावर माती आहे, माती काढली की झालं, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात मातीचा शेवटचा थर कुठे संपतो आणि हाडाची पातळ कातडी कुठे सुरू होते, हे दर मिलिमीटरला ठरवावं लागतं. जे काढलं ते परत लावता येत नाही.

हे मी स्वतः चुकून शिकले. मी या कामात नवीन असताना एक मांडीचं हाड माझ्याकडे आलं. त्यावरचा तांबूस, खरखरीत थर मला घाण वाटला. तीन आठवडे मी तो घासून काढला. हाड गुळगुळीत झालं, सगळ्यांनी कौतुक केलं. पुढे दोन वर्षांनी एक अभ्यासक आले आणि त्यांनी हाडावर बाजूने बॅटरीचा उजेड टाकला. माझा ब्रश जिथे पोचला नव्हता त्या कोपऱ्यात एकमेकांशी समांतर तीन खाचा दिसल्या. कुठल्यातरी मांसाहारी प्राण्याच्या दातांच्या त्या खुणा होत्या. त्या सरळ माझ्या ‘साफ’ भागाच्या कडेपर्यंत आल्या होत्या आणि तिथे थांबल्या होत्या. पुढे त्या कुठवर जात होत्या हे आता कोणालाच कळणार नाही. ते गृहस्थ मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी खाचांचं माप घेतलं आणि वहीत लिहिलं, ‘पुढचा पृष्ठभाग उपलब्ध नाही.’

म्हणून तारेचा ब्रश खोलीतच ठेवू नका.

उलट बाजूचं एक उदाहरण सांगते, आणि ते नागपूरच्या माणसाचंच आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना 1980 च्या दशकात गुजरातेत ढोली डुंगरी इथे डायनोसॉरची अंडी आणि लहान हाडं असलेला एक दगड मिळाला. सुरुवातीला ती सगळी हाडं पिल्लाची वाटली. 2001 मध्ये जेफ विल्सन या अमेरिकी अभ्यासकाने तो दगड पाहिला आणि त्यातले काही मणके सापाचे आहेत हे ओळखलं. मग मिशिगन विद्यापीठात त्या दगडाची आणखी तयारी झाली आणि 2010 मध्ये सगळं चित्र प्रसिद्ध झालं: फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप आणि शेजारी अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू. सापाचं नाव सनाजेह इंडिकस. विचार करा, त्या मधल्या वर्षांत कुणी हौसेने ती अंडी ‘मोकळी’ करून मांडली असती, तर कुठलं हाड कुठल्या हाडाला लागून होतं ही सगळी गोष्टच गेली असती.

तुमच्या अगदी जवळचं उदाहरण म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा. तिथे डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा मिळते. 2005 मध्ये त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले आणि डायनोसॉरच्या काळात गवत होतं हे जगाला कळलं. हाडाभोवतालची माती, खडे, कचरा टाकून देऊ नका असं मी सांगते ते यासाठी. जॅकेटमधून निघालेली प्रत्येक मूठ माती क्रमांक घातलेल्या पिशवीत जाऊ द्या. पुढे ती चाळली की त्यात माशांचे खवले, बारीक दात, शिंपल्या मिळू शकतात.

आता यंत्रांकडे येऊ. संचालकांचं कंप्रेसरचं म्हणणं अगदीच चूक नाही. हवेच्या दाबावर थरथरत खडक टिचवणारी लेखणी, आपण तिला एअर स्क्राइब म्हणतो, कठीण चुनखडकावर फार उपयोगी पडते. पण ती पहिली खरेदी नव्हे. पहिला मोठा पैसा चांगल्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकावर घाला, आणि तो लांब दांड्यावर बसवलेला घ्या, म्हणजे मोठं हाडही त्याखाली येईल. जे डोळ्याला दिसत नाही ते हात सोडवू शकत नाही. त्यानंतर धूळ खेचून घेणारी व्यवस्था. हा खर्च विश्वस्तांना दिसत नाही, म्हणून तोच सगळ्यात आधी कापला जातो. खडकाच्या धुळीत क्वार्ट्झ असतो आणि त्याची फुप्फुसात जाणारी धूळ डोळ्यांना दिसतही नाही. दगडखाणीतल्या मजुरांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो तो याच धुळीने. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 किंवा त्याहून चांगला मास्क हवा, आणि खेचलेली हवा गाळून खोलीबाहेर जायला हवी. एअर स्क्राइब घ्याल तेव्हा कंप्रेसर भिंतीपलीकडे ठेवा आणि कानांना संरक्षण घ्या. नळीत पाणी अडवणारा फिल्टर नक्की बसवा, नाहीतर पावसाळ्यात हवेबरोबर पाणीही येतं.

बाकीच्या बऱ्याच वस्तू गावातच मिळतील. दंतवैद्याची जुनी हत्यारं, दाभण, पिन व्हाइसमध्ये, म्हणजे सुई घट्ट धरणाऱ्या मुठीत, पकडलेली जाड सुई, मऊ ब्रश. जाड कापडाच्या, वाळूने भरलेल्या लहानमोठ्या पंधरा-वीस पिशव्या शिवून घ्या. हाड टेकायला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर कापायची जी थरथरणारी आरी असते ती सर्जिकल सामानाच्या दुकानात मागा, जॅकेट उघडायला तीच लागते. एक दिवा असा हवा की त्याचा उजेड बाजूने, अगदी आडवा टाकता येईल. खोली तळमजल्यावर आहे ना, हे पत्रात लिहिलेलं नाही. नसेल तर आत्ताच भांडून तळमजला मिळवा. एक घनफूट खडक साधारण 70 किलो भरतो, आणि जिन्यावरून उतरवताना फुटलेलं जॅकेट मी पाहिलेलं आहे.

ॲसिडच्या वाटेला पहिली दोन वर्षं जाऊ नका. सौम्य ॲसेटिक ॲसिडने चुनखडक विरघळतो आणि हाड मोकळं होतं, हे खरं. पण ज्या हाडाच्या पोकळ्यांत कॅल्साइट, म्हणजे चुनखडकातलंच खनिज, भरलेलं असतं त्याचा आतला आधारच त्याबरोबर निघून जातो, आणि हाड हातात भुसभुशीत होऊन येतं.

डिंकाबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण परदेशी सूचना जशाच्या तशा उचलल्या तर विदर्भात इथेच फसगत होते. जीवाश्मांसाठी जगभर पॅरालॉइड बी-72 वापरतात. हे ॲक्रिलिक राळेचे पारदर्शक दाणे असतात आणि ते ॲसिटोनमध्ये विरघळतात. तीन-चार टक्क्यांचं पातळ द्रावण भुसभुशीत हाडात मुरवायचं, दाट द्रावण सांधायला वापरायचं. मोठा गुण असा, की दहा वर्षांनीही ॲसिटोन लावून जोड सोडवता येतो. सुपरग्लूचा जोड असा सहज सुटत नाही, आणि चुकीचा बसलेला तुकडा मग चुकीचाच राहतो. पण पॅरालॉइड बी-72 साधारण 40 अंशांना मऊ पडू लागतो. चंद्रपूरचा मे महिना मी तुम्हाला सांगायला नको. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या जड हाडाचा जोड एका उन्हाळ्यात हळूहळू घसरतो आणि सकाळी कुलूप उघडल्यावर तुकडा टेबलावर पडलेला दिसतो. म्हणून वजन पेलणाऱ्या जोडाला पॅरालॉइड बी-44 किंवा ब्यूटवार बी-76 ही राळ वापरा, दोन्ही बरीच जास्त उष्णता सोसतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जोडावर वजन येऊच देऊ नका, हाडाला खालून त्याच्या आकाराचा पाळणा करा.

उन्हाळ्यात आणखी एक होतं. ॲसिटोन इतक्या वेगाने उडतं की द्रावण आत मुरायच्या आधीच वर साय धरतं. मुरवण्याचं काम सकाळी सातला करा. पावसाळ्यात उलट त्रास: ॲसिटोन उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ तिथे बसते आणि हाड पांढुरकं दिसू लागतं. अशा दिवशी डबा बंद ठेवा आणि नोंदी पूर्ण करा. ॲसिटोन पेट घेतं, तेव्हा साठा थोडा, लोखंडी कपाटात, ठिणगीपासून लांब. मातीत रुतलेल्या हाडावर पाणी टाकायचं तर आधी एका ढेकळावर टाकून बघा. आपल्याकडची फुगणारी माती ओली झाली की हाडाला घेऊनच भेगाळते.

आता माणसांविषयी. तुमच्या पत्रात मला खरी गुंतागुंत इथेच दिसली.

वरिष्ठ सहकाऱ्यांना तुम्ही ‘सुपरग्लूवाले’ म्हणून बाजूला ठेवू पाहताय असं वाटलं. तसं करू नका. प्लास्टरवर पेनाने लिहिलेले क्रमांक पुसट झाले असतील. ते जॅकेट कुठल्या गावच्या कुठल्या नाल्यातून आलं, वरची बाजू कोणती, त्याच्या शेजारी दुसरं काय होतं, हे त्या एका माणसाला ठाऊक आहे आणि ते निवृत्त होताहेत. तुमच्या संग्रहालयात सगळ्यात आधी नाहीशी होणारी गोष्ट म्हणजे त्यांची आठवण. रोज एक जॅकेट घेऊन त्यांच्यासमोर बसा, चहा मागवा, फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करा, त्यांच्या जुन्या वह्या मागा. जॅकेट बांधायची गोष्ट काढली की ते खुलतील. 1876 मध्ये अमेरिकेत मोंटाना प्रांतात एडवर्ड कोप या जीवाश्म-अभ्यासकाच्या चमूने, ज्यात जीवाश्म गोळा करणारे चार्ल्स स्टर्नबर्ग होते, प्लास्टर नसल्यामुळे तांदूळ शिजवून त्याची खळ केली आणि पोत्यांच्या पट्ट्या तिच्यात बुडवून हाडांना गुंडाळल्या. तुमच्या या वरिष्ठ काकांनी गोणपाट आणि प्लास्टर वापरलं, युक्ती तीच. आणि त्यांनी कुठल्या हाडावर कोणता डिंक लावलाय ते न रागावता लिहून घ्या. पुढच्या माणसाला तो सोडवायचा तर आधी तो कोणता आहे हे कळायला हवं.

चौदा दिवसांत चौदा नोंदी होतील. प्रयोगशाळेचं खरं उद्घाटन तेच समजा. प्रत्येक नमुन्याचा एक कागद: क्रमांक, उघडण्याआधीचे फोटो मोजपट्टीसह, कोणी काम केलं, काय काढलं, काय लावलं, किती टक्क्यांचं, काय तुटलं. ‘काय तुटलं’ हा रकाना छापूनच ठेवा. रकाना असला की माणूस लपवत नाही.

आणि तो मदतनीस मुलगा. तुमचा संकोच मला कळतो. पदवी तुमची आहे आणि काही झालं तर जाब तुम्हालाच विचारतील. पण पदवी तुम्हाला हाड कोणतं ते सांगते, सुई किती दाबायची ते सांगत नाही. जगातल्या मोठ्या संग्रहालयांतही हे काम करणाऱ्या कितीतरी जणांकडे पुराजीवशास्त्राची पदवी नाही. कोणी शिल्पकार होते, कोणी सुतार, कोणी स्वयंसेवक म्हणून आले आणि राहिले. सोनाराच्या घरातल्या मुलाने लहानपणापासून एका जागी मान घालून बसणं पाहिलंय, भिंगातून बघणं पाहिलंय, आणि पडलेला कण टाकून द्यायचा नसतो हे पाहिलंय. त्याला सूक्ष्मदर्शकाखाली बसवा, तुम्ही शेजारी बसा. कुठे हाड आहे आणि कुठे खडक हे तुम्ही सांगा, हात त्याचा चालू द्या. कधी उलट करा. फक्त तीन गोष्टी पाळा: त्याला तुमच्याइतकाच चांगला मास्क, नोंदीच्या कागदावर त्याचं नाव, आणि कामाप्रमाणे वाढीव पगारासाठी तुमच्या सहीचं पत्र. त्याच्याकडून हे काम करून घ्यायचं आणि हजेरीपटावर ‘शिपाई’ एवढंच ठेवायचं, हे मला मान्य नाही.

प्रशिक्षण मिळेपर्यंत नकार द्यावा का? मला नाही वाटत. नकार दिलात तर काम थांबणार नाही, ते तारेच्या ब्रशकडे जाईल. आणि शिकण्यासाठी परदेशच हवा असंही नाही. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने गोदावरी खोऱ्यातल्या बारापासॉरस या डायनोसॉरचा सांगाडा उभा केला, तिथल्या भूशास्त्र विभागाला पत्र लिहा. पॅरालॉइडची सवय व्हायची तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या किंवा लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळेतल्या संवर्धकांकडे थोडे दिवस बसू द्या म्हणून विनंती करा. मूर्ती असो की हाड, डिंकाची शिस्त सारखीच. पण पहिले दोन महिने घरचाच सराव. मटणाच्या नळ्या उकळून, वाळवून, मुद्दाम तोडून घ्या. काही प्लास्टर-वाळूच्या मिश्रणात पुरा, काही सिमेंट-वाळूत. आठवड्याने त्या सोडवा आणि तुकडे जोडा. तुम्ही सोडवलेली नळी मुलाला तपासायला द्या, त्याची तुम्ही तपासा. दहा नळ्या झाल्या की हाताला कळू लागतं, सुई हाडावर घसरते तेव्हा आवाज वेगळा येतो.

राहिले संचालक आणि त्यांचे नऊ महिने. त्यांना ‘जमणार नाही’ म्हणू नका. एका पानावर दोन गोष्टी लिहून द्या. पहिली, काळाचा हिशेब: राजासॉरस या मांसाहारी डायनोसॉरची हाडं गुजरातेतल्या राहिओलीहून 1982 ते 1984 मध्ये गोळा झाली आणि त्याला नाव मिळालं 2003 मध्ये. चंद्रपूर जिल्ह्यातल्याच डोंगरगावचा डायनोसॉर 1980 च्या दशकात खोदला, त्याचं वर्णन आलं 1997 मध्ये. दुसरी, त्यांना उद्घाटनाला दाखवता येईल असं काहीतरी. माझी सूचना अशी, की तीन चकाचक हाडांऐवजी खोलीच्या दालनाकडच्या भिंतीला मोठी काच बसवा. लॉस एंजेलिसला ला ब्रेयाच्या डांबरकुंडांजवळच्या पेज संग्रहालयात 1977 पासून हे काम काचेआड लोकांसमोर चालतं. तुमच्याकडे काचेपलीकडे वरची बाजू उघडलेलं एक जॅकेट असेल, त्यातून अर्धवट वर आलेलं हाड, शेजारी सुई आणि दिवा, आणि काम करणारा तो मुलगा. शाळेची पोरं तिथून हलणार नाहीत. प्लास्टर, गोणपाट, खडक, हाड हे चारही थर एका नजरेत दिसतील, आणि दर सहलीला हाड थोडं अधिक वर आलेलं असेल. काचेला पैसे लागतील, ते कंप्रेसरच्या रकमेतून घ्या. कंप्रेसर पुढच्या वर्षी.

आणि ते नाहीच म्हणाले, तीन हाडं हवीतच म्हणाले, तर? मग निवड तुम्ही करा. जी हाडं मऊ खडकात आहेत, ज्यांची जागा नीट नोंदलेली आहे आणि ज्यांच्यासारखी आणखी आहेत, अशीच घ्या. फक्त दर्शनी बाजू उघडा, मागची खडकात राहू द्या. आदेश लेखी मागा आणि तो नमुन्याच्या फाइलमध्ये लावा.

पहिलं जॅकेट सगळ्यात मोठं उघडू नका. जे लहान आहे, ज्याचं प्लास्टर आधीच तडकलंय, ज्यात फारसं काही नसेल असं काका म्हणतात, ते घ्या. वाळूच्या पिशव्यांवर ठेवा, काकांनी सांगितलेली वरची बाजू वर. आरीने कडेने गोल कापा, झाकण उचलायच्या आधी फोटो, उचलल्यावर फोटो. खालचा अर्धा भाग तसाच राहू द्या, तोच हाडाचा पाळणा. आत ओल्या कागदाचा थर वाळून चिकटलेला असेल, तो ब्रशने भिजवून हळू सोडवा. त्या दिवशी एवढंच करा. सुई दुसऱ्या दिवशी उचला.

काय निघालं ते मला जरूर कळवा, आणि ‘काय तुटलं’ त्या रकान्यात काय लिहिलंत तेही.